समाजकामाची उमेदवारी: पहिलं वर्ष कसं जातं

गावासाठी, वस्तीसाठी काहीतरी करायचंय, असं म्हणणारी मुलंमुली महाराष्ट्रात कमी नाहीत. कोणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतं, कोणी स्पर्धा परीक्षेची काही वर्षं घालवून घरी परतलेलं असतं, कोणी बचत गटाच्या हिशेबापासून सुरुवात करून आता पुढचं शिकू पाहत असतं. करायचं म्हणजे नेमकं काय, ते कोणाकडे शिकायचं आणि शिकताना घर कसं चालवायचं, हे मात्र बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं.

युवा फेलोशिप ही त्यासाठीची एक सोय आहे. फेलोशिप म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, बहुधा वर्षभरासाठी, मानधन आणि एक मार्गदर्शक देऊन प्रत्यक्ष कामातून काम शिकवणं. ज्याला ही संधी मिळते त्याला फेलो म्हणतात. अशा वर्षात काय काय घडतं आणि गाडी कुठे अडते, ते आपण इथे क्रमाने पाहू.

आधी प्रकार समजून घेऊ, कारण सगळ्या ठिकाणी एकच गोष्ट शिकवत नाहीत. गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने २००६ मध्ये ‘निर्माण’ सुरू केलं. तिथे शिबिरांच्या मालिकेतून तरुण आपल्या आयुष्याचं काय करायचं हा प्रश्न धरतात आणि त्याला प्रत्यक्ष कामाची जोड देतात. मुंबईत ‘पुकार’ या संस्थेची युवा फेलोशिप गटाला मिळते. गट आपल्याच भोवतालचा प्रश्न निवडतो आणि त्यावर वर्षभर संशोधन करतो. ‘कोरो’ ही संस्था १९८९ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमधल्या साक्षरतेच्या कामातून उभी राहिली. ती वस्त्या-गावांतून आधीच काम करणाऱ्यांना नेतृत्वाचं शिक्षण देते.

राज्य शासनाची मुख्यमंत्री फेलोशिपही आहे, पण तिचा रोख वेगळा. तिथे उमेदवार प्रशासनात बसून काम शिकतो. या लेखात आपण लोकांच्या बाजूला बसून शिकण्याबद्दल बोलत आहोत.

आता अर्ज. बहुतेक अर्जांत ‘तुम्हाला हे काम का करायचं आहे’ असा प्रश्न असतो आणि तिथेच पुष्कळ चांगली मुलं मागे पडतात. ‘समाजाचं ऋण फेडण्यासाठी’, ‘तळागाळातल्या घटकांच्या उत्थानासाठी’ अशी वाक्यं निवडणाऱ्यांनी शेकड्याने वाचलेली असतात. त्यापेक्षा ‘आमच्या वाडीतल्या हातपंपाला मार्चपासून पाणी नसतं आणि त्याबद्दल ग्रामपंचायतीत कोणी लेखी विचारलेलं नाही’ हे एक वाक्य जास्त सांगून जातं. पाहिलेलं लिहा. भाषा घरची असली तरी चालते.

निवड झाली की संस्थेला प्रश्न विचारायची पाळी आपली. मानधन किती आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला? प्रवासखर्च वेगळा मिळतो का? मार्गदर्शक कोण, आणि तो किती दिवसांनी भेटणार? अपघात विमा आहे का? हे विचारताना संकोच नको. कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे, पण सामाजिक संस्थेतल्या फेलोला तो सहसा लागू होत नाही. त्यामुळे आपल्या हातात असतं ते नेमणुकीचं पत्र. ते लेखी घ्या.

मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी आणखी एक विचारावं: संस्थेत अंतर्गत समिती आहे का? अंतर्गत समिती म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे ती बंधनकारक आहे. संस्था त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. या प्रश्नावर जी संस्था नाराज होते, तिथे न गेलेलं बरं.

मग येतात पहिले दोन-तीन महिने, आणि हा काळ सगळ्यात अवघड जातो. शिंप्याकडे उमेदवारीला बसलेलं पोर आधी काजं-बटणं करतं, कापड कापायला त्याच्या हाती कोणी कात्री देत नाही. इथेही तसंच आहे. या दिवसांत आपलं काम फिरणं, बसणं आणि ऐकणं एवढंच असतं. घरचे विचारतात, ‘दिवसभर करतोस काय?’ उत्तर देता येत नाही, मग घाईघाईने वृक्षारोपण किंवा स्वच्छता मोहीम काढली जाते. फोटो निघतात, गाव टाळ्या वाजवतं, पण मूळ शिकणं तिथेच थांबतं.

ऐकायचं म्हणजे कुठे आणि केव्हा, हेही ठरवावं लागतं. पारावर संध्याकाळी बसणारी माणसं ठरलेली असतात. त्यांचंच ऐकलं तर अर्धं गाव सुटतं. सकाळी नळावर, दुपारी खुरपणीच्या सुट्टीत, आठवडी बाजाराच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर वेगळी माणसं भेटतात. गावठाणाबाहेरची वस्ती मुद्दाम पायी गाठावी लागते. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघून जातात. तुमचं वर्ष नोव्हेंबरात सुरू होत असेल तर ज्यांच्याशी सगळ्यात आधी बोलायला हवं, त्यांच्या दाराला कुलूप असतं. मार्गदर्शकाशी बोलून वेळापत्रक त्याप्रमाणे हलवून घ्या.

ऐकण्याने काय होतं याचं मला भावलेलं उदाहरण शोधग्रामचंच आहे. आदिवासी माणसं दवाखान्यात यायला का कचरतात, हे ‘सर्च’ने त्यांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, हे त्यातून कळलं. मग दवाखाना त्यांच्या घरांसारख्या झोपड्यांच्या रूपात बांधला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. हा निर्णय कोणाला शहरात टेबलाशी बसून सुचला नसता.

याच काळात गावाचा नकाशा काढतात. अंगणात रांगोळी, खडे, पानं मांडून लोक स्वतःच आपली घरं, विहिरी, रस्ते, पडीक जमीन दाखवतात. संस्थांमध्ये याला ‘पीआरए’ म्हणतात, म्हणजे गावकऱ्यांनीच गावाची माहिती मांडण्याची पद्धत. इथली नेहमीची चूक जागेची असते. नकाशा देवळासमोर काढला आणि त्या देवळाकडे एखाद्या वस्तीतली माणसं फिरकत नसतील, तर नकाशात त्यांची घरं कोपऱ्यात दोन खड्यांएवढीच उरतात. नकाशा दोनदा काढा, वेगवेगळ्या जागी, आणि एकदा फक्त बायकांबरोबर. पाणी कुठून येतं, हे दोन्ही नकाशांत सारखं दिसणार नाही.

पुढची पायरी गट. फेलो एकटा काही बदलत नसतो, आणि बदललं तरी त्याच्या जाण्याबरोबर ते जातं. सात-आठ माणसं नियमाने बसू लागली की पुरे. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव इथे आठवावं. तिथे ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्या सोबतीने अभ्यास गट चालले. एखादा विषय घ्यायचा, त्यावरचे कायदे-कागद वाचायचे, जाणकाराला बोलवायचं, चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षांचं बसणं आणि वाचणं होतं.

गट जमला की प्रश्न निवडायचा. इथे माझा अनुभव सांगतो: बहुतेक फेलोंचं वर्ष इथेच वाया जातं. ‘व्यसनमुक्ती’, ‘महिला सक्षमीकरण’, ‘बेरोजगारी’ हे विषय आहेत, एका वर्षात हाती लागणारे प्रश्न नव्हेत. मुंबईत २०११ च्या सुमारास ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. तिच्यात वस्त्यांमधून काम करणाऱ्या बायका होत्या आणि ‘कोरो’चा त्यात मोठा वाटा होता. स्वच्छता हा प्रचंड विषय. त्यांनी धरला तो प्रश्न असा: सार्वजनिक ठिकाणी पुरुषांना लघवीसाठी पैसे पडत नाहीत, मग बायकांना का द्यावे लागतात? हा प्रश्न कोणालाही चटकन कळतो, जाऊन तपासता येतो आणि त्याला उत्तर देणारं कार्यालयही ठरलेलं आहे. आपल्या प्रश्नाला या तीन गोष्टी लागू पडतात का, हे गटात बसून पाहा.

आपण एक उदाहरण पुढे नेऊ. समजा, बैठकीत निघालं की रेशन बरोबर मिळत नाही. ‘बरोबर नाही’ म्हणजे काय? वजन कमी भरतं? दुकान महिन्यातून दोनच दिवस उघडतं? अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून म्हाताऱ्यांना परत पाठवतात? सुनेचं किंवा नातवाचं नाव कार्डावर चढलेलं नाही? या चार तक्रारी वेगवेगळ्या आहेत. नाव चढवायचं तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जावं लागतं. वजनाचा प्रश्न आधी दुकानात आणि गावच्या दक्षता समितीत येतो. दक्षता समिती म्हणजे रेशन दुकानावर लक्ष ठेवण्यासाठी नेमलेली स्थानिक समिती. ती कागदावर असते. तिचे सदस्य कोण, हे गावात विचारून बघा.

तक्रार ठरली की हक्क किती, हे माहीत हवं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळायला हवं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्ड केशरी आहे म्हणजे धान्य मिळणारच, असंही नाही. कुटुंब प्राधान्य यादीत असावं लागतं. गटातल्या प्रत्येकाला हे तोंडपाठ होईपर्यंत सर्वेक्षण सुरू करू नये. अर्धवट माहितीवर दुकानदाराशी वाद घातला आणि आपणच चुकलो, तर पुन्हा कोणी ऐकत नाही.

आता माहिती गोळा करणं. प्रश्नावली लहान ठेवा, दहा-बारा प्रश्न पुरतात. आधी चार-पाच घरांत विचारून पाहा. कुठले शब्द लोकांना कळत नाहीत ते तिथेच समजतं. ‘दुकानदार धान्य चोरतो का?’ असा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर प्रश्नातच आहे. ‘मागच्या महिन्यात किती किलो मिळालं? पावतीवर किती लिहिलं होतं?’ असं विचारा. ई-पॉस मशीन, म्हणजे अंगठा घेऊन नोंद करणारं यंत्र, पावती देतं. पावती आणि प्रत्यक्ष धान्य यांतला फरक हाच तुमचा पुरावा.

आधार कार्डांचे, रेशन कार्डांचे फोटो मोबाइलमध्ये साठवू नका. त्यांची गरज नसते आणि मोबाइल हरवला तर भोगावं दुसऱ्याला लागतं. कोणाचं नाव लिहायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नका.

शिकलेल्या माणसाला वाटतं, संशोधन हे विद्यापीठाचं काम. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या जमिनीवर वसलेल्या कौला बंदर वस्तीत ‘पुकार’च्या स्थानिक तरुण संशोधकांनी घरोघरची माहिती गोळा केली. पालिकेचा अधिकृत पुरवठा नसल्यामुळे तिथल्या माणसांना पाणी पालिकेच्या दराच्या कितीतरी पट भावाने विकत घ्यावं लागत होतं, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आलं. वस्तीतल्या प्रत्येकाला हे आधीपासून माहीत होतं. आकडा हातात आल्यावर ते नाकारणं बाहेरच्यांना अवघड झालं.

लोकांकडून मिळालेल्या माहितीला कार्यालयातल्या कागदाची जोड लागते. माहिती अधिकाराचा अर्ज हे सगळ्यांना ठाऊक असलेलं साधन. पण त्याआधी एक सोपी वाट आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने ठरवल्याप्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या पातळीवरच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांतही, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातली कागदपत्रं, पाहता येतात. अर्जाआधी एकदा जाऊन बघा. कुठलं रजिस्टर कुठे असतं आणि त्याला काय म्हणतात, एवढं कळलं तरी पुढचा अर्ज नेमका होतो.

अर्ज करायचाच तर महाराष्ट्रात तो एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. मुदत उलटते आणि फेलोच्या लक्षातच राहत नाही, असं फार वेळा होतं. अर्ज दिला त्याच दिवशी दोन्ही तारखा वहीत लिहा. अर्जात ‘का’ विचारू नका, ‘कोणता कागद हवा’ ते लिहा. ‘धान्य कमी का दिलं?’ याला उत्तर येत नाही; ‘अमुक दुकानाच्या एप्रिल ते जूनच्या साठा नोंदवहीची प्रत’ मागितली तर द्यावी लागते.

माहिती हाती आली की ती आधी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडे न्यायची. हा टप्पा गाळला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सर्वेक्षण होतं, अहवाल देणगीदाराला जातो, बातमी छापून येते, आणि ज्या बाईने तासभर बसून उत्तरं दिली तिला काही कळत नाही. दुसऱ्या खेपेला ती दार लावून घेते, आणि तिचं चुकत नाही. मोठ्या कागदावर आकडे लिहून समाजमंदिराच्या भिंतीला लावा आणि गटातल्या स्थानिक माणसाला ते वाचून दाखवू द्या. लोक तिथेच चुका काढतील. चुका दुरुस्त करा, मगच पुढे जा.

नंतर ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि त्यांच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी, गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. आपला विषय ऐन वेळी मांडू नका. आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा आणि पोच घ्या. महिला सभेत आधी मांडला तर मोठ्या सभेत बोलायला बायकांना आधार मिळतो.

सभेत फेलोने बोलू नये, असं मी ठामपणे म्हणेन. बाहेरचा किंवा मानधन घेणारा माणूस बोलला की प्रश्न त्याचा होतो. बोलायचं ते कार्डधारकांनी. फेलोने एवढंच पाहायचं की ठराव झाला तो इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, सभा उठण्यापूर्वी लिहिला गेला. ‘नंतर लिहू’ म्हटलेला ठराव पुष्कळदा नंतर वेगळाच निघतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या दिवशी आपली माणसं हजर राहतील, एवढं बघा. शहरात ग्रामसभा नसते, तिथे हेच काम प्रभाग कार्यालयात आणि नगरसेवकाकडे लेखी निवेदनाने करावं लागतं.

इथपर्यंत आल्यावर ताण वाढतो. रेशन दुकानदार कोणाचा तरी मामा असतो, कोणाला त्याने अडीअडचणीला पैसे दिलेले असतात. फेलोच्या वडिलांनाच कोणीतरी सांगतं, ‘पोराला आवरा.’ एकट्याने दुकानात किंवा कार्यालयात जाऊ नका. आरोप न करता नोंद मागा. धमकी आली तर त्याच दिवशी मार्गदर्शकाला सांगा आणि तारीख-वेळेसह रोजनिशीत लिहा. कोणाच्या सुरक्षिततेला खरा धोका वाटला तर प्रश्न काही काळ बाजूला ठेवणं योग्यच आहे. तो निर्णय गटाने घ्यावा, आणि संस्थेने त्यासाठी फेलोचे गुण कापू नयेत.

मार्गदर्शकाचं काम या सगळ्यात सोबतीचं. पंधरा दिवसांतून एकदा समोरासमोर बसणं, रोजनिशी वाचणं, ‘हे तुला कोणी सांगितलं, आणि कोणी नाही सांगितलं?’ असं विचारत राहणं. महिन्याचा तक्ता भरून घेणारा मार्गदर्शक पुष्कळ ठिकाणी असतो; त्याच्याकडून हिशेब शिकता येतो, काम नाही. असा मार्गदर्शक वाट्याला आला तर संस्थेकडे दुसरा मागा.

शेवटचे तीन महिने सोपवण्याचे. वह्या, अर्जांच्या प्रती, अपिलांच्या तारखा गटाच्या ताब्यात द्या. तहसील कार्यालयात पुढच्या दोन फेऱ्या गटातल्या माणसांनी तुमच्याशिवाय मारू द्या. फेलोच्या जाण्याने बैठका बंद पडत असतील तर त्या शेवटच्या आठवड्यात नव्हे, नवव्या महिन्यात बंद पडलेल्या बऱ्या. कारण विचारायला आणि दुरुस्त करायला तेव्हा अजून वेळ असतो.

संस्थांना आणि देणगीदारांना एक आग्रहाचं सांगणं. मानधन शेतमजुराच्या मजुरीपेक्षा कमी ठेवलं तर ज्यांच्या घरी आधीच पगार येतो तीच मुलं फेलो होतात. ज्या वस्तीचा प्रश्न आहे तिथली मुलगी अर्ज भरते, आणि दुसऱ्या महिन्यात कापूस वेचायला परत जाते. निवडीत कितीही कळकळ दाखवली तरी हे त्याने भरून निघत नाही. आधी मानधन पुरेसं करा, मग पात्रतेच्या अटी लिहा.

आपल्या जिल्ह्यात अशी फेलोशिप नसेल तर थांबून राहायचं कारण नाही. चार जण मिळून येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता ग्रामपंचायतीत जा, मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त पाहायला मागा, आणि त्यात काय लिहिलंय ते संध्याकाळी वस्तीत वाचून दाखवा.